राऊळबाईंचे आठ पाट

राऊळबाईंना "कशा आहात?" असं विचारलं की त्या तीन आकडे सांगायच्या. "दोन, तीन, पाच." एवढंच. मग स्वेटरच्या बाह्या वर सारून कामाला लागायच्या. विचारणारा नवीन असला तर बाई बसचे नंबर का सांगतायत, असा चेहरा करून उभा राहायचा. आम्हा जुन्यांना कळायचं. आत्ता दोन, मघाशी तीन, मघापासून पाच. म्हणजे ताण उतरतोय, बाई बऱ्या आहेत. हेच आकडे उलटे आले, पाच, तीन, दोन, की त्या दिवशी सर्व्हर रूमच्या वाटेला जायचं नाही.

मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट विभाग सांभाळते. फणसवाडीतल्या घरातून निघताना दिवसाची यादी हातात असते आणि संध्याकाळी ती पूर्ण खोडलेली असल्याशिवाय मला जेवण जात नाही. राऊळबाई आमच्या सर्व्हरच्या बाई. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या शेजारी त्यांची एसी खोली. बारा महिने साडीवर मरून स्वेटर, कपाळावर चष्मा आणि टेबलावर स्टीलचा पाण्याचा तांब्या. तांब्या सर्व्हरपासून चार हात लांब असायचा. त्या चार हातांची खूण त्यांनी फरशीवर खडूने केली होती आणि पुसली की पुन्हा करायच्या.

आमची नीट ओळख झाली ती भांडणातून. लॅबमध्ये लागून मला महिना झाला असेल. आमच्या विभागातल्या एका कॉम्प्युटरवर सर्व्हरची स्थिती दाखवणारी एक खिडकी असायची. त्यात एके दिवशी "लोड अ‍ॅव्हरेज" समोर ६.१० असा आकडा मला दिसला. आदल्या दिवशी तो दोन होता. तिप्पट! मी तक्रारींची यादी केली, पाच मुद्दे, आणि जिना चढून गेले.

"काय गो, धावतंस कित्याक?" बाईंनी विचारलं.

"लोड सहावर गेलाय. सर्व्हर बंद पडेल."

"पाट किती?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय किती?"

"पाट. बसायचे. बस खाली, सांगते."

मग त्यांनी मला लिनक्सचा, म्हणजे आमचा सर्व्हर ज्यावर चालतो त्या सिस्टिमचा, लोड समजावला, आणि तो समजावताना लालबागच्या चाळीतली त्यांच्या आईची खानावळ माझ्यासमोर मांडली. त्यांची आई मालवणकडची. गिरणीत काम करणारे, कुटुंब गावाला ठेवून आलेले कामगार तिच्याकडे जेवायला यायचे. खोली एवढीशी. भिंतीला लागून आठ पाट. पाळी सुटली की माणसं यायची. आठ बसायची, बाकीची दाराबाहेर गॅलरीत उभी. लहानग्या राऊळबाईंचं काम माणसं मोजायचं. बसलेली आणि उभी, दोन्ही मिळून एक आकडा, आणि तो ओरडून आईला सांगायचा, म्हणजे तिला पिठाचा अंदाज यायचा.

"तोच लोड," बाई म्हणाल्या. "जेवणारे अधिक थांबलेले. कामं चालू आहेत ती आणि खोळंबलीत ती. आता हा आकडा मोठा की लहान हे पाट मोजल्याशिवाय कसं सांगणार? एक पाट असेल तर सहा म्हणजे पाच माणसं दाराबाहेर ताटकळतायत. आपल्या सर्व्हरच्या प्रोसेसरला आठ कोर आहेत. म्हणजे आठ पाट. सहा आले, सहा बसले, दोन पाट अजून रिकामे. तू कशाला धावलीस?"

"आणि हे तीन आकडे कशाला? एक पुरे की."

"एक आकडा बघून माणूस घाबरतो, नाहीतर झोपतो. तीन बघितले की दिशा कळते. पहिला गेल्या मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा, तिसरा पंधराचा. आत्ता, मघाशी, मघापासून. पहिला मोठा नि शेवटचा लहान, तर गर्दी आत्ताच आलीय. पहिला लहान नि शेवटचा मोठा, तर गर्दी पांगतेय, तू फक्त गप्प बस."

माझी यादी त्यांनी हातातून घेतली, वाचली, आणि पाचही मुद्दे स्वतःच्या पेनाने खोडले. "घे. झालं ना समाधान, यादीबाई?" ते नाव मला तिथे चिकटलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या कपाटावर एक कागद दिसला. ठळक अक्षरात "पाट ८". माझ्यासारख्या धावत येणाऱ्यांसाठी.

माणसांनाही त्या तसंच विचारायच्या. आमच्या विभागातली एक टायपिस्ट एकदा बाथरूममध्ये रडत होती. आम्ही सगळ्या "काय झालं, काय झालं" करत भोवती जमलो. राऊळबाई आल्या आणि म्हणाल्या, "आत्ता कसं वाटतंय? सकाळी कसं होतं? आणि आठवडाभर?" ती नाक पुसून म्हणाली, "आठवडाभर वाईट होतं, सकाळी फार वाईट, आत्ता जरा..." आणि तिचं तिलाच हसू आलं.

एकदा एका सुट्टीच्या दिवशी आमचे नवीन व्यवस्थापक साहेब आणि आम्ही दोघी तेवढ्या कामावर होतो. साहेबांनी स्क्रीनवर ०.००, ०.००, ०.०१ पाहिलं आणि खूश झाले. "वा राऊळबाई! आज सर्व्हर एकदम मस्त."

"शून्याला मस्त म्हणू नका साहेब," बाई म्हणाल्या. "संपाच्या वर्षी आमच्या खानावळीत लोड शून्य होता. आठही पाट भिंतीला उभे. गिरणीचा भोंगा बंद, माणसं आपापल्या गावाला. आई तरी रोज चूल पेटवायची. दोन भाकऱ्या जास्तीच्या थापायची, कोणी आलंच तर. आणि मला विचारायची, 'किती गो?' मी गॅलरीत जाऊन बघून यायचे. सांगायला आकडाच नसायचा."

बाई तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि त्यांनी दुसराच विषय काढला.

ती आई अजून होती. वय झालेलं, पाय गेलेले, त्याच चाळीत, त्याच खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर. राऊळबाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात दोघीच. म्हणून आम्ही सगळे एकला जेवायचो तेव्हा बाई पायी लालबागला जायच्या, आईला भरवायच्या आणि सव्वादोनला परत. ऊन असो, गणपतीतली रस्ता न दिसणारी गर्दी असो, हा नेम चुकला नाही. "हेडऑफिसला जाऊन येते," असं सांगून निघायच्या.

हे सगळं एकदा पणाला लागलं.

झालं असं की एका सोमवारपासून सर्व्हर सकाळी अडायला लागला. दहाला आम्ही कामाला बसलो की अकरापर्यंत रिपोर्ट उघडेनासे व्हायचे. आसपासच्या हॉस्पिटलांना बाराच्या आत रिपोर्ट लागतात. ऑपरेशनला घेतलेला माणूस तिकडे खाटेवर, इकडे त्याचा रिपोर्ट स्क्रीनवर गोल गोल फिरतोय. फोनवर फोन. पहिल्या दिवशी तेरा तक्रारी, दुसऱ्या दिवशी एकतीस. मी लिहून ठेवल्या होत्या. दुपारी सगळं आपोआप सुरळीत, आणि दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा तेच.

बुधवारी संचालक डॉक्टरांनी बाहेरच्या एका कंपनीचे सल्लागार बोलावले. त्यांनी स्क्रीन बघितला. बावीस, बावीस, एकवीस. त्यांनी मान हलवली. "आठ कोरवर बावीस लोड. मशीन संपलंय, डॉक्टर. आमच्याकडे बत्तीस कोरचं आहे. तुमचं सगळं आमच्या नवी मुंबईच्या सेंटरला हलवू."

"बावीस आहेत, पण जेवतायत किती?" राऊळबाईंनी विचारलं.

सल्लागारांना अर्थातच कळलं नाही. बाईंनी दुसरा स्क्रीन उघडला. "हे बघा. प्रोसेसर ऐंशी टक्के रिकामा आहे. खरं जेवणारे दोन-तीनच. बाकीचे उष्ट्या हाताने बसलेत."

हे उष्ट्या हाताचं प्रकरण मला त्यांनी पूर्वीच सांगितलेलं होतं. खानावळीत एखादा पाटावर बसला, वरण संपलं, पुढची भाकरी अजून तव्यावर. तो जेवत नाही, पण उठतही नाही, कारण हात उष्टा आहे. आई सांगायची, "उष्ट्या हाताच्या माणसाक उठवूचा नाय." लिनक्समध्येही अशी कामं असतात. डिस्ककडे काहीतरी मागितलेलं असतं आणि ते येईपर्यंत हलत नाहीत. मारून टाकायचा हुकूम दिला तरी मरत नाहीत. लिनक्स त्यांनाही लोडमध्ये मोजतो. त्यामुळे लोड दिसतो बावीस आणि प्रोसेसर बसलेला असतो माशा मारत.

"म्हणजे डिस्क हळू आहे," सल्लागार म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "मग तर नवीनच घ्या. आमच्या डिस्क फास्ट आहेत."

"चूल मोठी करा, मी नाही म्हणत नाही. पण भाकऱ्या एवढ्या कोण नेतंय ते आधी बघू द्या."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "शुक्रवारी दहापर्यंत, राऊळबाई. नाहीतर सर्व्हर नवी मुंबईला. ते लोक तुम्हालाही तिकडे घेतील, मी बोललोय."

बाई "बरं" म्हणाल्या. जिन्यात मी त्यांना गाठलं. "बरं काय? नवी मुंबईहून दुपारी आईला भरवायला कशा येणार?"

"आठ, सहा, चार," त्या म्हणाल्या आणि खोलीत गेल्या.

गुरुवारी एकला आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या जेवायच्या खोलीत डबे उघडले तेव्हा मला शेजारच्या खोलीत एसीचा आवाज आला आणि दार उघडं दिसलं. बाई घरी गेल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेजारणीला फोन करून आईला भरवायला सांगितलं होतं. मी डबा घेऊन आत गेले. त्या स्क्रीनसमोर बसून कागदावर आकडे लिहीत होत्या.

"बघ. एकला बावीस, बावीस, बावीस. आता एक वाजून पाच मिनिटं. दोन, नऊ, सोळा. नळ बंद केल्यासारखा उतरला. रोज सव्वादोनला मी येते तेव्हा सगळं शांत असतं, म्हणून हे मला दिसलंच नाही. एकला काय बंद होतं गो?"

"काही नाही. आम्ही जेवायला बसतो."

"बसण्याआधी?"

"हात धुतो. स्क्रीन बंद करतो. सगळ्या खिडक्या मिटून. माझा नियम आहे, लिहून लावलाय भिंतीवर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या खिडक्या?"

त्या खिडक्यांत काय असतं ते मला माहीत होतं. माझी यादी.

दोन आठवड्यांपूर्वी मी रिपोर्टचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांना फोन करून एक छोटं काम करून घेतलं होतं. बाकी राहिलेल्या रिपोर्टची यादी, विभागातल्या सहाही कॉम्प्युटरवर, सकाळभर उघडी, दर मिनिटाला आपोआप ताजी होणारी. कोणता रिपोर्ट किती वेळ खोळंबलाय ते सगळ्यांना समोर दिसावं. दुपारी छपाई आणि पाठवणी असते, तेव्हा ती लागत नाही. राऊळबाईंना मी विचारलं नव्हतं. एवढ्याशा कामाला काय विचारायचं?

"जा, एक उघड," बाई म्हणाल्या. मी जाऊन उघडली. परत आले तर पहिला आकडा चढत होता. "आणखी दोन उघड." उघडल्या. आकडा सातवर, मग नऊवर.

त्यांनी आत शोधलं. ती यादी दर वेळी फक्त आजचे नव्हे, सगळ्या वर्षांचे रिपोर्ट पहिल्यापासून तपासत होती. गेल्या रविवारी जुन्या वर्षांचे रिपोर्टही सर्व्हरवर चढवले होते, त्यामुळे एक फेरी पुरी व्हायला मिनिटाहून जास्त वेळ लागायचा. पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू, दुसरीच्या आत तिसरी, आणि सहा ठिकाणांहून. सगळे उष्ट्या हाताने डिस्कसमोर बसलेले. रिपोर्ट का खोळंबलेत ते सांगणाऱ्या यादीनेच रिपोर्ट खोळंबवले होते.

मी खुर्चीत बसले. "बाई, तुमची नोकरी मी घालवत होते."

राऊळबाई हसायला लागल्या. चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला इतक्या हसल्या. "अगो, मी पण हेच केलेलं. लहान होते ना, गॅलरीतले लोक मला विचारायचे, किती वेळ, किती वेळ. मी दर मिनिटाला चुलीपाशी जायचे. आई, किती झाल्या? आई, किती झाल्या? ती बिचारी पिठाचा हात थांबवून टोपलीतल्या भाकऱ्या मोजायची आणि सांगायची. एक दिवस तवा करपला तेव्हा म्हणाली, 'तू इचारतंस म्हणान येळ लागता.'"

मग त्यांनी माझा डबा पुढे ओढला आणि माझ्यातली अर्धी पोळी-भाजी खाल्ली. त्या दिवशी त्यांचं जेवण तेच.

दुपारभर सॉफ्टवेअरवाल्यांशी फोनवर बोलून त्यांनी ती यादी फक्त आजच्या रिपोर्टपुरती केली. ती सकाळी एकदा आणि साडेअकराला एकदाच तयार होणार, आणि सहाऐवजी माझ्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर दिसणार.

शुक्रवारी दहाला डॉक्टर, सल्लागार, व्यवस्थापक साहेब सगळे सर्व्हर रूममध्ये दाटीने उभे. खाली विभागात कामाला सुरुवात झालेली. सव्वादहा, साडेदहा, अकरा. चार, चार, तीन. रिपोर्ट सुटत होते. फोन वाजत नव्हता.

"काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक यादी दर मिनिटाला सगळं कपाट उपसत होती. आता दिवसातून दोनदा, आणि एकच खण."

"कोणाची यादी?"

"लॅबची," बाई शांतपणे म्हणाल्या.

"माझी," मी म्हणाले. "मी न विचारता करून घेतली होती."

डॉक्टरांनी मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि ते योग्यच होतं. सल्लागारांनी राऊळबाईंना नमस्कार केला आणि जाताना त्या "पाट ८" कागदाचा फोटो काढला. सर्व्हर हलला नाही. पुढे डिस्क मात्र नवीन आली, बाईंनीच यादी दिली. त्या शुक्रवारी एकला पाच कमी असताना त्यांनी स्वेटर खुर्चीवर टाकला, चपला घातल्या आणि दारातून म्हणाल्या, "हेडऑफिसला जाऊन येते. कालचं पण भरवायचंय."

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कुठलंही नवीन काम यादीत लिहिलं की शेजारी लिहायचं, हे कोणाच्या चुलीवर जाणार? अर्धी कामं तिथेच गळतात.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी भाषण करायला त्यांनी नकार दिला. फरशीवरची खडूची खूण नवीन माणसाला दाखवली, कागद काढू नकोस म्हणाल्या आणि पायीच निघाल्या. नंतर फोनवर बोलणं व्हायचं. "कशा आहात?" "एक, एक, एक." मला ते आवडायचं नाही. एवढा कमी आकडा त्यांना शोभत नव्हता, आणि शून्याची गोष्ट मी विसरले नव्हते.

मग दोन महिने आकडेच आले नाहीत. "ये एकदा," एवढंच. म्हणून एका शनिवारी सकाळी लालबागला गेले. जिना चढून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आले तर बाईंच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आणि तीन मुली वह्या घेऊन उभ्या. आत डोकावले. भिंतीला लागून आठ पाट मांडलेले. तेच जुने, तेल पिऊन काळे झालेले. प्रत्येक पाटावर एक मुलगी, मांडीवर जुना लॅपटॉप. कोणी कॉलेजातली, कोणी दोन मुलांची आई. मरून स्वेटर नव्हता. राऊळबाई मध्ये उभ्या राहून सांगत होत्या, "आधी पाट मोजा, मग आकड्याला घाबरा." खिडकीजवळच्या खाटेवर आई उशांना टेकून बसलेली, डोळे दाराकडे.

"किती गो?" आईने विचारलं.

राऊळबाईंनी बसलेल्या आठ मोजल्या, दाराशी उभ्या तीन मोजल्या आणि मग त्यांना मी दिसले.

"बारा, आये," त्या ओरडल्या. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यादीबाई! बारा, नऊ, सात. चढतोय गो!"

इतका आनंदाने चढता लोड सांगणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"रव हां बाय," आई खाटेवरून मला म्हणाली. "पाट रिकामो झालो की बस."

किती वेळ लागेल, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं, चपला काढल्या आणि गॅलरीतल्या तीन मुलींच्या मागे उभी राहिले.